पप्पांच्या मातीत आम्ही काय ठेवलं आणि काय काढलं

पप्पा गेले त्या दिवसापासून वर्षाच्या भक्तीपर्यंत, म्हणजे वर्षाने होणाऱ्या प्रार्थनेपर्यंत, मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, तुमच्यात दहावं-तेरावं असतं का गं? सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं, फुलवाल्यानेसुद्धा विचारलं. याचं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही मला, कारण आमचं घराणं मूळ नगर जिल्ह्यातलं, पणजोबांच्या वेळेस मिशनमध्ये येऊन ख्रिस्ती झालेलं, आजोबा नोकरीसाठी पुण्याला आले ते घोरपडीलाच राहिले, आणि आमच्याकडे माणूस गेल्यावर जे काही होतं त्यातलं निम्मं चर्चच्या उपासनेतून येतं आणि निम्मं गावाकडून, आणि दोन्ही एकमेकांत इतकं मुरलंय की कुठलं कुठून आलं ते घरच्यांनाही धड सांगता येत नाही. मी थोरली, त्यामुळे सगळं माझ्यावर आलं, आणि प्रत्येक गोष्टीला हे करायचं की नाही हे ठरवावं लागलं. ते सगळं लिहून ठेवतेय, आमच्यासारख्या घरांतल्या कोणाला तरी उपयोग होईल.

पप्पा बरेच महिने किडनीच्या आजाराने झोपून होते. चर्चचे पाळकसाहेब आदल्या आठवड्यातच येऊन प्रभुभोजन देऊन गेले होते, त्यामुळे मनाची तयारी होती असं म्हणायचं, पण अशी तयारी कधी होत नसते. पहाटे गेले, घरीच. आत्या तेव्हा गावाहून येऊन राहिलेली होती, तिने आधी चमच्याने पाणी पाजलं, मग प्रभूची प्रार्थना म्हटली, आणि मग डोळे मिटवले, या क्रमाने, आणि तिच्या चेहऱ्यावर असं कुठेही नव्हतं की आपण दोन वेगळ्या गोष्टी करतोय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. घरी मृत्यू झाला तर फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय दफनाचा पास निघत नाही, महापालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत करायची, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणेच सगळीकडे द्यायचं, नाहीतर पुढे पेन्शन आणि बँकेच्या वेळेस फार त्रास होतो. चर्चच्या रजिस्टरमधे वेगळी नोंद होते आणि त्यांचं पत्र घेऊन दफनभूमीच्या कमिटीकडे जायचं. पुण्यात ख्रिस्ती दफनभूम्यांमध्ये जागा फार कमी राहिलीय, त्यामुळे नवी जागा सहसा मिळत नाही, जुनी घरची कबर उघडून त्यातच ठेवतात. आमची आजोबांची होती. त्या दिवशी सकाळी मामीने दहनाचा विषयही काढला होता. आम्ही प्रोटेस्टंट, मामी कॅथलिक, तिचं माहेर श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला दरवर्षी जाणारं. तिचं म्हणणं, आमच्या चर्चने १९६३ सालीच दहनाची परवानगी दिलीय, फक्त २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं की राख विखरायची नाही, घरात ठेवायची नाही, पवित्र जागेत जपून ठेवायची. तिच्या भावाचं दहन पुण्यातच वैकुंठ स्मशानभूमीत झालं आणि अस्थींचा कलश आता दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे. पण पप्पांनी आधीच सांगून ठेवलेलं, मला दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, शेजारी ठेवा. त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

अंघोळ चुलत्यांनी आणि भावाने घातली. गरम पाण्यात कडुलिंबाचा पाला, अंगाला हळद. मग कपड्यांवरून बोलणं निघालं. पप्पांचा नाताळचा सूट होता, राखाडी, दरवर्षी घालायचे, आईचं म्हणणं तोच घालू. चुलते म्हणाले गडी माणूस उघड्या डोक्याने जात नाही, टोपी पाहिजे. पप्पा चर्चला सूट घालायचे आणि गावाला गेले की पांढरी टोपी, पण दोन्ही एकत्र कधी घातलेलं आम्ही बघितलं नव्हतं. शेवटी सूट घातला आणि टोपी कडक इस्त्री करून शवपेटीत उजव्या हाताखाली ठेवली, बायबलच्या नव्या करारावर. मला ते बघून फार बरं वाटलं, त्यांचं सगळं आयुष्य त्या एका हाताखाली होतं.

जिथे प्राण गेला तिथे आत्याने दिवा लावला, आणि स्वयंपाकघरात जाऊन परातीत पीठ घेऊन आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गावाकडे दिव्याजवळ पीठ किंवा राख पसरून त्यावर टोपली झाकतात आणि नंतर उघडून बघतात कुठल्या प्राण्याचं पाऊल उमटलंय, म्हणजे माणूस पुढे कुठल्या जन्माला गेला ते कळतं असा समज. मी आत्याला हात धरून बाजूला घेतलं आणि म्हटलं, आत्या, आपण पुनरुत्थान मानतो ना, मग पप्पा कुठे गेलेत ते पिठात काय बघायचं? ती परात हातात घेऊन बराच वेळ नुसती उभी राहिली, मग म्हणाली, खरंय बाई तुझं, पण दिवा राहू दे, अंधारात नको त्याला. दिवा राहिला. त्याच्याजवळ पाटावर बायबल उघडून ठेवलं, योहानाचा अकरावा अध्याय, येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजाराचा, आणि त्या पिठाच्या तिनेच भाकऱ्या थापल्या, आलेल्या लोकांना. पुढचे दहा दिवस दिव्यात तेल घालायचं काम माझ्या लेकीने स्वतःहून घेतलं, शाळेतून आली की आधी दिवा बघायची. आमचे पाळक दिव्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, उलट रोज संध्याकाळी घरभक्तीला कोणी ना कोणी आलं की सगळे आपोआप त्या पाटाभोवतीच बसायचे.

धाकटा भाऊ बेंगळुरूहून येईपर्यंत रात्र काढायची होती, म्हणून जागरण झालं, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या रीतींमधली ही सगळ्यात श्रीमंत रीत आहे. पार्किंगमध्ये मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या एका कडेला आणि मधे सतरंज्या, आणि आमच्या नातेवाईकांचं भजनी मंडळ गावाहून टेम्पोने आलं, टाळ, पखवाज, हार्मोनियम घेऊन. रात्री दहाला जे बसले ते उजाडेपर्यंत. बाहेरच्या माणसाने डोळे मिटून ऐकलं असतं तर वारकऱ्यांचंच भजन चाललंय वाटलं असतं, तेच अभंग, तीच ओवी, तोच टाळाचा ठेका, फक्त आळवणी ख्रिस्ताची. हे आजकालचं नाही. नगरला मिशनमधल्या आपल्याच माणसांनी १९व्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, कृष्णराव सांगळे त्यातले मोठे नाव, आणि नारायण वामन टिळकांनी, म्हणजे १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन १९१९ ला जाईपर्यंतच्या त्या थोड्या वर्षांत, मराठी ख्रिस्ती माणसाला रडायला आणि प्रार्थना करायला स्वतःची भाषा दिली. इंग्रजी चालीवरची गीतं आमच्या चर्चमध्ये आहेत, ऑर्गनवर छान वाटतात, पण मयताच्या रात्री ती कोणी काढत नाही. त्या रात्री समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा, आळंदीची वारी करणारे, खाली आले आणि टाळ मागून घेऊन मंडळींत बसले, त्यांना शब्द माहीत नव्हते पण ध्रुपद लगेच धरलं. आत्या पुढे बसून भजन सांगत होती, ती मंडळात लहानपणापासून, तिला पुस्तक लागत नाही. एका भजनाच्या मधेच तिचा आवाज फुटला, पखवाजवाल्याने ठेका तसाच चालू ठेवला, आवाज जरा कमी केला, आणि ती परत आली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी फक्त पिढ्यान् पिढ्या एकत्र रडलेल्या लोकांना कळतात.

आणि सकाळी याच आत्याशी माझं भांडण झालं. पेटी उचलायच्या आधी ती आणि गावाकडच्या दोघी-तिघी बायका आईला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मला अंदाज आलाच. आत गेले तर आई पलंगावर बसलेली, आत्याने तिचा हात हातात घेतलेला, शेजारी स्टुलावर वाटीत पाणी. बांगड्या फोडणार, मंगळसूत्र काढणार. आमच्याकडे बायका कुंकू फारशा लावत नाहीत पण काळे मणी असतात, त्यात क्रूस ओवलेला, आणि हिरव्या बांगड्या असतात, आणि नवरा गेला की ते काढायचं हे चर्चने कधी शिकवलेलं नाही, ते आपलं जुनंच आत आलंय आणि सगळ्यांनी मुकाट्याने येऊ दिलंय. मी म्हटलं, हे होणार नाही. आत्या म्हणाली, लोक काय म्हणतील, आणि मग जरा थांबून एकदम खालच्या आवाजात म्हणाली, माझ्या फोडल्या होत्या, तेव्हा कुणी मधे पडलं नव्हतं.

त्यावर मला काही बोलताच येईना. बोलली ती आई. आईची पणजी केडगावच्या मुक्ती सदनात, रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या घरात, वाढलेली, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या पोरींना आणलं त्यातली एक, त्यामुळे आईच्या माहेरी रमाबाईंचं नाव घरच्या माणसासारखं घेतात. आई म्हणाली, रमाबाई स्वतः विधवा होत्या आणि सगळं आयुष्य त्यांनी बायकांना यातून सोडवण्यात घातलं, माझी पणजी त्यांच्या हातची भाकरी खाऊन जगली, आणि मी हे हातातलं फोडून घेऊ? ज्याने घातलं तो प्रभूकडे गेलाय, त्याने काढ म्हणून सांगितलं नाही. मग तिने आत्याचा हात उलट आपल्या हातात घेतला आणि आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिच्या मनगटात चढवायला लागली. आत्या नको नको म्हणत होती पण हात मागे घेत नव्हती. गावाकडच्या बायकांमधली एक उठून बाहेर गेली, तिला पटलं नाही, नंतर जेवायलाही थांबली नाही, तिचं वाईट वाटलं पण त्याला इलाज नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं, तेव्हा आमच्या चर्चमध्ये त्यावर टाळ्या वाजवून झाल्या होत्या. पण हा प्रश्न सुटतो तो अशा आतल्या खोलीत, पेटी उचलायच्या आधीच्या त्या दहा मिनिटांत, आणि तिथे पाळक नसतात, सरकार नसतं, फक्त बायका असतात.

खांदा मी दिला, भावांच्या बरोबरीने. गावाकडे आमच्यात बायका वेशीपर्यंतच जायच्या, पुण्यात चर्चमुळे बायका दफनभूमीत जातात हे मला लहानपणापासून माहीत, पण आत्या त्या दिवशी पहिल्यांदा कबरीच्या काठापर्यंत आली. चर्चमध्ये उपासना झाली, मग दफनभूमीत. पेटी दोरांवर खाली सोडतात तेव्हा एक बाजू जरा आधी टेकते आणि लाकडाचा आवाज येतो, तो आवाज मी अजून विसरले नाहीये. पाळकांनी मातीला माती म्हटलं आणि पहिली मूठ टाकली. चुलतभावाने गावच्या शेतातली काळी माती पिशवीतून आणली होती, आम्ही घरच्यांनी तीच टाकली, पुण्याच्या तांबूस मुरमावर ती काळी माती वेगळी दिसत होती. चुलत्यांनी मीठ आणलेलं, तेही टाकलं, कुणी अडवलं नाही. मूठमाती सगळेच देतात, आमचा शेजारचा मुसलमान भाडेकरू, आळंदीचे आजोबा, सगळ्यांनी दिली.

घरी आलो तर दारात बादलीभर पाणी आणि कडुलिंबाचा डहाळा, पाय धुवायचे, एक पान चावायचं आणि आत यायचं. आणि आत कडू घास तयार. ज्या घरात मयत झालं तिथे माती होते त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे आणतात, आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी पिठलं-भाकरी आणि ठेचा आणला, पप्पांना त्यांच्या हातचं पिठलं आवडायचं हे त्यांच्या लक्षात होतं. या रीतीत धर्म कुठला ते शोधत बसायची गरजच मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कबरीवर गेलो, फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती. तिसऱ्या दिवसाला आमच्याकडे कोणाचा विरोध नसतो, बाया पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीवर गेल्या होत्या हे बायबलच्या शुभवर्तमानातच आहे. पण आत्याने डब्यात दूधभात, भजी, पप्पांच्या आवडीचं गुळाचं काहीतरी असं आणलं होतं, तिला ते कबरीवर ठेवायचं होतं आणि कावळ्याची वाट बघायची होती. पाळक बरोबर होते. ते रागावले नाहीत, त्यांनी विचारलं, बाई, भाऊ जिवंत असता तर हा डबा घेऊन काय केला असता? ती म्हणाली, अर्धा वाटून टाकला असता. मग कबर खणणाऱ्या दोघांना आणि वॉचमनला तिथेच झाडाखाली बसवून वाढलं. कावळे आले होते, भिंतीवर बसून बघत होते, आत्याने जाता जाता एक भजं त्यांच्याकडे फेकलंच, आणि मला वाटतं तेवढं चालतं.

त्या दिवशी भावाचा ऑफिसमधला मित्र आला होता, झारखंडचा, खुंटीकडचा मुंडा आदिवासी, ख्रिस्तीच. त्याने सांगितलं की त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या अस्थी कुळाच्या मोठ्या दगडी शिळेखाली ठेवायची पद्धत, त्याला सासनदिरी म्हणतात, आणि नंतर एक विधी असतो ज्यात त्या माणसाची सावली परत घरात आणतात, बाहेर भटकत ठेवत नाहीत. चर्चमध्ये गेलेल्यांसाठी हे सगळं कठीण होतं, म्हणाला, कुळाच्या दगडाखाली जागा सोडायची म्हणजे आपल्या माणसांतून उठून जाण्यासारखं. आई ते ऐकून म्हणाली, आमचाही तो दिवा त्यासाठीच आहे की.

दहाव्यावरून थोडी चर्चा झाली. प्रोटेस्टंट शिकवणीत मेलेल्यांसाठी प्रार्थना नसते, जे आहे ते जिवंतपणी, त्यामुळे दहावं केलं तर आत्म्याला गती मिळते असं कोणी म्हणू लागलं की पाळकांना ते थांबवावं लागतं आणि ते बरोबरच आहे. मामीकडे मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते, २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो, त्यांची शिकवण वेगळी, आणि त्यांच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की अंत्यविधी त्या त्या प्रदेशाच्या परंपरेला धरून असावा. आमच्या पाळकांनी वेगळ्या बाजूने समजावलं, आणि मला ते फार आवडलं. म्हणाले, बायबलमध्ये शोक दिवस मोजूनच करतात. याकोबासाठी योसेफाने सात दिवस शोक केला, मिसरी लोकांनी सत्तर, मोशेसाठी तीस, ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. आपल्या लोकांनी दहा मोजले तर त्यात पाप नाही, दहा दिवस कशासाठी मोजताय तेवढं सांभाळा. म्हणून दहाव्याला सांत्वनाची भक्ती झाली, साधं जेवण झालं, धाकट्या भावाने स्वतःच्या मनाने डोक्याचं मुंडण केलं, ईयोबानेही केलं होतं म्हणाला, आणि दिवा आईने फुंकर न घालता तेल संपू देऊन विझू दिला. चाळिसाव्यालाही भक्ती ठेवली, येशू पुनरुत्थानानंतर चाळीस दिवस शिष्यांना दिसत होता म्हणून तो दिवस आमच्याकडे मोठा मानतात.

मला या सगळ्यातून जाताना एकच कसोटी उपयोगी पडली, जी रीत दुःखात असलेल्या माणसाला धरून ठेवते ती ठेवायची, भले ती बायबलमध्ये नसेना, आणि जी त्याच माणसाला, बहुतेक वेळा बाईलाच, शिक्षा करते ती काढायची, भले ती हजार वर्षांची असेना. फक्त हे माणूस गेल्यावर त्या गोंधळात ठरवणं फार अवघड असतं, आधी बोलून ठेवायला पाहिजे.

कबर लगेच बांधत नाहीत, माती बसायला एक पावसाळा जावा लागतो. तोवर लाकडी क्रूस होता, वर्षाच्या भक्तीच्या आधी फरशी बसवली, आजोबांच्या नावाखाली पप्पांचं नाव, आणि आत्याच्या आग्रहाने गावाचं नाव. त्याच रात्री जेवणं झाल्यावर आईने मला वही घ्यायला सांगितली आणि स्वतःच्या वेळेचं सांगायला सुरुवात केली. नेत्रदान करायचं, सहा तासांच्या आत बोलवायचं म्हणजे उशीर करू नका. दिवा ठेवा. भजन रात्रभर, आणि आत्या असेल तर तीच सांगेल. बांगड्या हातात तशाच राहू द्या. पैसे फुलांच्या चादरीवर घालवू नका, केडगावला द्या. आणि माहेरची साडी आणायला लावू नका माझ्या भावाला, आहे त्यातलीच चांगली नेसवा. हे शेवटचं मामाला मान्य नाहीये. तो म्हणतो बाकी सगळं तुझ्या मनासारखं, पण साडी हा आमचा मान आहे, ती मी आणणार, आणि त्यावरून दोघा बहीण-भावांचं अजून चालूच आहे.